लिनक्स टाकून देणार कोण?

मुंबईच्या उपनगरांत लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिम कोणी ‘स्थापित’ करत नाही, ती ‘टाकतात’. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या’ हे वाक्य अंधेरी-बोरिवलीत असो की घाटकोपर-मुलुंडला, कॉम्प्युटर रिपेअरच्या कुठल्याही गाळ्यात ऐकू येतं. या ‘टाकून द्या’मध्ये एक माणूस गृहीत धरलेला आहे. त्याच्याकडे मशीन ठेवायचं, संध्याकाळी परत न्यायचं आणि पुन्हा अडलं तर त्याच्याचकडे यायचं. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी बोलताना या माणसाला विसरून आपण सगळी चर्चा किमतीवर नेतो. लिनक्स फुकट आहे, मग पैशापैशाचा हिशेब करून स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्यांनी ते उचललं का नाही, असं विचारतो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून धरलेला आहे. गेल्या चाळीस वर्षांत उपनगरांत जे घडलं त्यात किंमत कुठेच निर्णायक ठरलेली दिसत नाही. जवळपास शिकवणारं कोणी आहे का, ड्रायव्हर जुळवून देणारं कोणी आहे का, मराठी अक्षर पडद्यावर नीट उमटवून देणारं कोणी आहे का, यावर प्रत्येक वेळी निकाल लागला.

ही गोष्ट लिनक्सच्या जन्माआधी सुरू होते. १९८५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) एका केंद्रातून नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही स्वायत्त संस्था उभी राहिली. तिचं घर जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर, संचालक डॉ. एस. रमणी. पुढच्याच वर्षी अर्नेट हा देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याच्या अगदी आरंभीच्या काळात जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या लाइनवरून ई-मेल ये-जा करू लागली. त्यामागे यूयूसीपी नावाची व्यवस्था होती. एक युनिक्स मशीन ठरल्या वेळी दुसऱ्या युनिक्स मशीनला फोन लावायचं, साठलेली पत्रं पोचती करायचं आणि फोन ठेवायचं. १९८९ मध्ये भारताचं ‘डॉट इन’ हे डोमेन नोंदलं गेलं, त्याची व्यवस्थाही जुहूतूनच पाहिली जाई. अंधेरीत १९७३ पासून सीप्झ हे निर्यातक्षेत्र होतंच. तिथल्या निर्यातदार कंपन्यांनी संगणकावर काम करणाऱ्यांची एक पिढी उपनगरांतच वसवली. ज्या युनिक्सच्या वळणावर पुढे लिनक्स घडलं, ते युनिक्स जाणणारी माणसं उपनगरांत विंडोज घराघरांत पोचण्याच्या आधीपासून होती. ज्ञान होतं, पण ते संस्थांच्या भिंतींच्या आत होतं. जुहूहून पवईला पत्र पोचत होतं, तेच ज्ञान मालाडच्या चाळीत किंवा भांडुपच्या कॉलनीत पोचायला वाट नव्हती.

पहिली वाट तयार केली ती सीडीने. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली ती १९९१ साली. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि त्या वेगाने अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेणं हे कोणाच्याही आवाक्याबाहेरचं काम होतं. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. पुढे वर्षानुवर्षं ही सीडी येत राहिली. तिच्याइतकंच महत्त्व त्या अंकातल्या पानांना होतं. हार्ड डिस्कचे भाग कसे पाडायचे, आधीचं विंडोज न पुसता दुसरी प्रणाली शेजारी कशी बसवायची, हे त्या पानांत पायरीपायरीने लिहिलेलं असे. घरी टाकून देणारा माणूस नव्हता, तेव्हा मासिकाची पानं त्याच्या जागी उभी राहिली. पुढे उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीमागच्या कंपनीने जगभर टपालाने फुकट सीडी पाठवल्या. ही सोय २०११ मध्ये बंद झाली. त्या सीडीसोबत मात्र अशी पानं येत नव्हती.

पानांनाही मर्यादा होती, आणि ती कुठे आडवी येई हे नीट पाहण्यासारखं आहे. त्या काळी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला ‘असेंबल्ड पीसी’ ही मध्यमवर्गीय घरातली नेहमीची वस्तू. पैसे वाचवण्यासाठी त्यात आत बसणारा स्वस्त मोडेम घातलेला असे. या मोडेमचं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं, म्हणून त्याला विनमोडेमच म्हणत. लिनक्स टाकलं की मोडेम मुका. इंटरनेट बंद, आणि तो मोडेम चालू कसा करायचा याचं उत्तर इंटरनेटवर. घरी दुसरं मशीन नाही, दुसरा फोन नाही. अशा माणसाने चार दिवसांनी गाळ्यात जाऊन विंडोज परत टाकून घेतलं तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. त्याला प्रणाली मिळाली होती. शेजार मिळाला नव्हता.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि इथे उपनगरांनी केलेलं काम फार मोलाचं आहे. देवनागरी पडद्यावर उमटवणं हे रोमन लिपीसारखं अक्षरापुढे अक्षर ठेवण्याचं काम नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग ऱ्हस्व इकार टाइप करतो, युनिकोड या सामायिक अक्षरसंकेतातही ते त्याच क्रमाने साठतं. पण डोळ्यांना वेलांटी क-च्या आधी दिसायला हवी. मराठीची अडचण याच्याही पुढची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. पहिल्यात रफार वर जातो, दुसऱ्यात अर्धा र आडवा पडतो. हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या फॉन्टला हा फरक माहीतच नसायचा. एनसीएसटीने ‘इंडिक्स’ नावाच्या प्रकल्पात लिनक्सच्या चित्रप्रदर्शनाच्या मुळाशी, म्हणजे एक्स विंडो या थरातच, भारतीय लिप्यांची ही जुळणी बसवण्याचा प्रयत्न केला. हेतू असा की वरच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळी खटपट करावी लागू नये. २००० सालाच्या सुमारास मुंबईतच प्रकाश अडवानी आणि व्यंकटेश हरिहरन यांच्या पुढाकाराने इंडलिनक्स हा भारतीय भाषांतल्या लिनक्सचा प्रकल्प सुरू झाला. डॉ. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. डेबियन या लिनक्सच्या भांडारात गार्गी आजही आहे.

या कामाचं मोल कळायला त्या वेळी दुसऱ्या बाजूला काय होतं तेही ध्यानात घ्यावं लागतं. मराठी डीटीपी श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजांवर चालायचं. प्रत्येकाची अक्षरांची अंतर्गत मांडणी निराळी, आणि सगळी विंडोजवर. लग्नपत्रिका छापणाऱ्याने एका पॅकेजमध्ये केलेली फाइल दुसऱ्याकडे उघडली की पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी. त्या धंद्यांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली यात शंका नाही. पण त्यांच्यामुळे मराठीत काम करणारा प्रत्येक जण एका प्रणालीला बांधला गेला, आणि ही बांधणी पैशाची नव्हती. उद्या विंडोज दुप्पट महाग झालं असतं तरी प्रेसवाला हलला नसता, कारण त्याची दहा वर्षांची कामं त्या फॉन्टांत अडकली होती. त्याला सोडवू शकणार होते युनिकोड आणि गार्गीसारखे फॉन्ट, पण ते त्याच्या मशीनवर बसवून जुनी फाइल उलगडून देणारं कोणी त्याच्या गाळ्यापर्यंत आलं नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. सगळं खरं, पण चोरीचं विंडोज फुकट मिळत होतं, म्हणून लिनक्स चाललं नाही. इतकं साधं आहे. आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. उपनगरांत विकले गेलेले असंख्य असेंबल्ड पीसी परवान्याशिवायच्या विंडोजवर चालले. नंतर कंपन्यांनी परवान्याचे पैसे वाचवून ‘डॉस’ किंवा ‘फ्रीडॉस’ असं लिहिलेले स्वस्त लॅपटॉप विकले, तेही दुकानातून बाहेर पडताना बहुतेक विंडोज घेऊनच बाहेर पडले. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला फुकटच मिळत असतील, तर त्याने एक निवडली आणि दुसरी सोडली याचं कारण किंमत असूच शकत नाही. कारण वेगळीकडे शोधायला हवं, आणि ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी, वॉर्डावॉर्डांत पोचला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं. लाखो मराठी घरांतल्या पहिल्या माणसाने माऊस हातात धरला तो या क्लासमध्ये. हे या राज्यातलं फार मोठं काम आहे. मात्र त्या क्लासमध्ये कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस. त्यातून जी मुलं शिकून बाहेर पडली, त्यांतलीच काही पुढे गाळ्यात बसली, काही शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावली. टाकून देणारी माणसं तयार करण्याचा एवढा मोठा कारखाना दुसऱ्या बाजूला नव्हता.

केरळकडे पाहिलं की हे अधिक स्पष्ट होतं. तिथे शासनाच्या आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पाने सरकारी शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअर निवडलं, शाळांपुरती लिनक्सची स्वतःची आवृत्ती केली आणि त्याआधी शिक्षकांना शिकवलं. लिनक्स केरळातही फुकट होतं आणि महाराष्ट्रातही. चोरीचं विंडोज तिकडेही मिळत होतंच. फरक पडला तो शिक्षकांमुळे. आणि आपल्याकडे जाणकार नव्हते असंही नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष राहिलेले डॉ. नागार्जुन जी. हे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले, म्हणजे आपल्याच उपनगरातले. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत २००७ मध्ये ‘मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेची छोटी हिरवी मशीन आली. त्यांवर फेडोरा लिनक्स आणि शुगर नावाचा मुलांसाठीचा पडदा होता. मुलांनी ती हाताळली. केंद्र सरकारने ती योजना आधीच नाकारली होती, त्यामुळे वाडीवरचा प्रयोग वाडीपुरताच राहिला.

यानंतर स्वस्त मशीनची पाळी आली आणि काम पवईकडे आलं. विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी आकाश टॅब्लेटची पहिली आवृत्ती २०११ च्या ऑक्टोबरात आली आणि तिच्यावर बरीच टीका झाली. सुधारलेली आवृत्ती आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली झाली, त्यात डॉ. दीपक फाटक यांचा पुढाकार होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते ती सादर झाली. तिच्यात अँड्रॉइड होतं. पवईच्या मुलांनी मेमरी कार्डावर उबुंटू बसवून दाखवलं: कार्ड खोचून सुरू केलं की लिनक्स, कार्ड काढलं की पुन्हा अँड्रॉइड. टॅब्लेटची योजना फार काळ चालली नाही, पण स्वस्त यंत्राला धक्का न लावता त्यावर दुसरी प्रणाली चालवण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी होती.

मे २०१६ मध्ये मुंबईच्याच आयबॉल कंपनीने कॉम्पबुक हा लॅपटॉप बाजारात आणला. ९,९९९ रुपये, साडेअकरा इंचांच्या आसपासचा पडदा, इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण आणि विंडोज १०. दहा हजारांच्या आत परवान्यासह नवा लॅपटॉप ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. पण ३२ जीबीतली बरीचशी जागा विंडोजच घेतं, आणि मोठं अपडेट येताना त्याला आणखी काही जीबी मोकळे लागतात. वर्षा-दोन वर्षांत अशी मशीन अपडेटच्या दारात अडकून बसू लागली. लिनक्स टाकण्याचं याहून सबळ कारण कोणतं? आणि नेमकी इथेच ती गोम आहे जी गाळ्यातल्या माणसालाही चकवते. या पिढीच्या अ‍ॅटम चिपवरच्या अनेक मशीनांत प्रोसेसर ६४ बिटांचा, पण मशीन सुरू करणारं फर्मवेअर मात्र ३२ बिटांचं असे. नेहमीसारखा ६४ बिटांच्या उबुंटूचा पेनड्राइव्ह बूटेबल करून लावला तर मशीन त्याच्याकडे बघतही नाही. पेनड्राइव्ह यादीतच येत नाही. उपाय आहे: पेनड्राइव्हच्या बूट फोल्डरमध्ये ३२ बिटांची सुरुवात करून देणारी एक छोटी फाइल ठेवायची, किंवा हा प्रकार ओळखणारी डेबियनची खास प्रतिमा वापरायची, जी २०१५ पासून उपलब्ध होती. इतकं करून लिनक्स बसलं तरी अशा मशीनांत नेहमी आढळणाऱ्या रियलटेकच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आला तो २०१७ मध्ये. तोवर वायफाय मुका. वीस वर्षांपूर्वीचा विनमोडेम नाव बदलून परत आला होता.

पवईचा खरा मोठेपणा मला पुढच्या गोष्टीत दिसतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने दहा हजारांच्या आसपासचाच एक छोटा लॅपटॉप घेतला आणि त्याच्या हार्डवेअरला जुळेल असा कर्नल तयार करून उबुंटूवर बेतलेली प्रणाली त्यावर बसवून दिली. विद्यार्थ्याने फक्त झाकण उघडायचं. केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब यांचे साधारण दहा मिनिटांचे धडे तयार केले आणि त्यांचे आवाज मराठीसह भारतीय भाषांत भरले. पडद्यावर काय करायचं ते दिसतं, कानात मराठी ऐकू येतं, आणि शिकणारा शेजारच्या खिडकीत तेच करत जातो. टाकून देणारा माणूस पाठवता आला नाही तर निदान त्याचा आवाज पाठवायचा, अशी ही रीत आहे. माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा मी देऊ शकत नाही: मशीन त्याच किमतीचं, लिनक्सही तसंच फुकट, पण पाठीशी संस्था उभी राहिल्यावर वायफाय आणि आवाज पहिल्या दिवसापासून चालले.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की आता हा प्रश्नच संपला. सगळी कामं मोबाइलवर होतात, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, उरलेलं ब्राउझरमध्ये होतं. बिल भरायला आणि निरोप धाडायला मोबाइल पुरतो. पण दहावीच्या मुलीला प्रकल्प लिहायचा असेल, डिप्लोमाच्या मुलाला प्रोग्रॅम लिहायचा असेल, बचतगटाच्या ताईंना वर्षाचा हिशेब मांडायचा असेल, तर कीबोर्ड आणि मोठा पडदा लागतो. कामं ब्राउझरमध्ये गेली यामुळे तर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणं उलट सोपं झालं आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर धंदा चालवणाऱ्या दुकानदाराने विंडोजवरच राहावं. त्याला ओढून आणण्यात काही अर्थ नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लिनक्सही जुनी मशीन सोडून देतं. ते खरं आहे. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिटांच्या डेस्कटॉप प्रतिमा देणं थांबवलं, आणि २०२५ च्या डेबियन १३ मध्ये त्या प्रोसेसरांसाठी इन्स्टॉलर उरला नाही. पण तो निरोप ज्यांना मिळाला ती मशीन बहुतेक वीस वर्षांच्या घरातली आहेत. दहा वर्षांपूर्वीचा ६४ बिटांचा लॅपटॉप आजही बिनतक्रार चालतो.

आणि अशा लॅपटॉपांचा ढीग आत्ता उपनगरांत आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची मुदत आणखी वर्षभराने वाढवून मिळते, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर. त्याआधीची मशीन, ज्यांत शाळांच्या लॅबमधली मशीन खूप आहेत, कुर्ला आणि साकीनाक्याच्या भंगाराच्या वाटेवर आहेत. तिथे ती फोडली जातात ती उघड्या हातांनी, तांबं आणि सोन्याच्या कणांसाठी. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, पण मशीन कचरा होण्याआधी तिला दुसरं आयुष्य देणं नियमाने होत नाही. त्यासाठी कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं.

ती माणसं आपल्याकडे आहेत. अंधेरी, विलेपार्ले, विद्याविहार या पट्ट्यात अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत आणि त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं आहेत. या योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास सेवा द्यावी लागते. प्राचार्यांनी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी त्यांतले काही शनिवार यासाठी द्यावेत, ही माझी विनंती आहे: कॉलेजच्या एका वर्गात टेबलं मांडावीत, जवळच्या महापालिका शाळेला मशीन घेऊन बोलवावं, आणि मराठीत बोलत, शाळेच्या शिक्षिकेला शेजारी बसवून लिनक्स टाकून द्यावं. एका लॅपटॉपला दोन तास धरले तरी एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या तासांत साठ लॅपटॉप होतात.